लेकीला जर्मनीत पैसे पाठवताना कात्री कुठे लागते

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही खानापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगी जर्मनीत शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षाचे पैसे तिच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच भरायचं, दर महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणारं खाते) होते, आता तुम्ही दर महिन्याला ४५,००० रुपये पाठवता. बँक वरून हजार-बाराशे कापते आणि तरीही मुलीच्या खात्यात हिशेबापेक्षा पंधरा-एक युरो कमी पडतात. "एवढे पैसे जातात कुठं वो?" असं तुम्ही विचारलंय. दुसरं म्हणजे निपाणीचे तुमचे भाऊ, जे भाचीलाही मदत करतात, यंदा आपल्या मुलाला तिकडेच पाठवतायत आणि त्यांना बारा लाखांच्या आसपास रक्कम एकदम पाठवायची आहे. त्यांची शेती आहे, इन्कम टॅक्सचं रिटर्न त्यांनी कधी भरलेलं नाही.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केली आहे. निवृत्तीनंतरही बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडचे आईबाप हेच कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण दोन्ही घरांचे पैसे वाचतील असं पाहतो.

आधी पैसे कुठे जातात ते. चार जागा आहेत. पहिली, बँकेचं कमिशन आणि स्विफ्ट संदेशाचा, म्हणजे परदेशी बँकेला पाठवायच्या निरोपाचा खर्च, त्यावर १८ टक्के जीएसटी. हे पावतीवर दिसतं आणि सगळ्यांची नजर इथेच अडकते. दुसरी, चलन बदलण्यावरचा जीएसटी. तो रकमेवर थेट लागत नाही, नियमाने ठरवलेल्या एका छोट्या हिश्श्यावर लागतो. एक लाखापर्यंत त्या रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे लाखाला १८० रुपये, दहा लाखांना ९९० रुपये. हा कर कुठल्याही बँकेत गेलात तरी चुकत नाही, त्याची चिंता सोडा. तिसरी जागा म्हणजे मधल्या बँका. तुमच्या बँकेचं युरोचं खाते युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, तिथून पैसे मुलीच्या बँकेकडे जातात, कधी मध्ये आणखी एक बँक येते. वाटेतली बँक आपलं शुल्क त्या रकमेतूनच काढून घेते. तुमचे पंधरा युरो तिथे गेले.

चौथी जागा युरोच्या भावाची, आणि सगळ्यात मोठी गळती बहुतेक वेळा इथेच असते. बँका आपापसात ज्या भावाने युरो घेतात-देतात तो एक भाव, आणि तुम्हाला विकतात तो दुसरा. बाहेर पैसे पाठवताना जो लागतो त्याला टीटी सेलिंग रेट म्हणतात. या दोन भावांतला फरक पावतीवर कुठेच वेगळा लिहिलेला नसतो. "आमच्याकडे कमिशन शून्य" असं म्हणणारा इथूनच कमावतो. कारखान्याला ऊस घालताना टनाचा दर सगळे विचारतात, पण काट्याजवळ उभा राहतो त्यालाच आपला ऊस किती गेला ते कळतं. तसंच हे आहे. कमिशन किती हा प्रश्न अपुरा पडतो. खात्यातून एकूण रुपये किती गेले आणि मुलीच्या खात्यात युरो किती उतरले, एवढे दोन आकडे घ्या आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. येतो तो तुमचा खरा भाव.

तुमचंच उदाहरण मांडतो. हिशेब सोपा जावा म्हणून बाजारातला युरो १०० रुपये धरू. आजचा भाव वेगळा असेल, पण रीत तीच. बँकेने तुम्हाला १०२ रुपये ५० पैसे लावला. ४५,००० रुपयांचे ४३९ युरो झाले. वाटेत १५ गेले, उतरले ४२४. इकडे खात्यातून ४५,००० अधिक कमिशन-स्विफ्ट आणि त्यांचा जीएसटी मिळून १,१८०, अधिक चलन बदलाचा जीएसटी ८१, असे ४६,२६१ रुपये गेले. भागून बघा: एक युरो तुम्हाला १०९ रुपये १० पैशांना पडला. शंभराच्या वस्तूला एकशेनऊ.

आता हीच रक्कम तीन महिन्यांची एकदम पाठवली असं धरा. १,३५,००० रुपये, भाव तोच, कमिशन तेच, वाटेतले १५ युरो तेच, जीएसटी २१२ रुपये. खरा भाव येतो १०४ रुपये ७५ पैसे. फक्त तीन वेळांऐवजी एकदा पाठवल्याने युरोमागे चार रुपयांहून जास्त वाचले, कारण कमिशन आणि वाटेतलं शुल्क रकमेवर नसून खेपेवर असतं. आणि लाखाच्या वरची रक्कम असल्यामुळे तुम्ही बँकेला "भाव जरा नीट द्या" म्हणू शकता. १०२.५० चा १०१ करून घेतलात तर खरा भाव १०३ रुपये २० पैशांवर येतो. वर्षाचा मेळ घातला तर दर महिन्याच्या रीतीपेक्षा तुमच्या खिशातून साडेनऊ हजार रुपये कमी जातात आणि मुलीला १९८ युरो जास्त मिळतात. दोन्ही मिळून सुमारे २९ हजार रुपये. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

तीन महिन्यांचे पैसे एकदम हातात पडल्यावर मुलगी खर्च करून टाकेल, अशी भीती काही आया बोलून दाखवतात. तुमच्या मुलीने ब्लॉक्ड अकाउंटच्या ठरावीक रकमेत आख्खं वर्ष काढलंय, तिला हिशेब येतो. तिला विश्वासाने सांगा. खरी अडचण असते ती आपल्याकडे एकदम रक्कम उभी करण्याची. त्यासाठी दर महिन्याचे ४५,००० इथेच बचत खात्यात वेगळे ठेवा आणि पहिल्या तिमाहीपुरती तजवीज एखादी ठेव मोडून किंवा भावाकडून करून घ्या. ती एकदा झाली की पुढे चक्र आपोआप चालतं.

भाव कसा मागायचा, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. रोज सकाळी बँक त्या दिवसाचे छापील दर काढते, त्याला कार्ड रेट म्हणतात. लहान रकमेला तोच लागतो. रक्कम मोठी असेल तर शाखेला आपल्या ट्रेझरीकडून (बँकेचा चलन घेण्या-विकण्याचा विभाग) त्या क्षणाचा खास भाव घेता येतो. मात्र तो मागावा लागतो, आपणहून क्वचितच मिळतो. किती रकमेपासून तो देतात हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. विचारायला लाजू नका. विचारताना प्रश्न असा ठेवा: "मुलीच्या खात्यात पूर्ण इतके युरो उतरायला हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" हाच प्रश्न दुसऱ्या बँकेला अर्ध्या तासाच्या आत विचारा. सकाळी एकीला आणि संध्याकाळी दुसरीला विचारलंत तर तुलना होत नाही, भाव तोवर हललेला असतो. पडताळ्यासाठी एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर करते, तो पाहून ठेवा. त्याच्यापेक्षा तुमचा भाव किती पैशांनी वर आहे हे सांगितलंत की समोरचा माणूस सावरून बसतो.

खानापूर, नंदगड, चिकोडी अशा ठिकाणच्या शाखांची एक खास अडचण आहे. परकीय चलनाचं काम सगळ्या शाखांत होत नाही. तुमचा फॉर्म बेळगावच्या, कधी हुबळीच्या किंवा बेंगळूरच्या शाखेकडे जातो आणि भाव लागतो तो तिकडे काम होतं त्या वेळचा. तुम्ही सोमवारी सही केली आणि भाव बुधवारचा लागला, असं होतं. म्हणून फॉर्म देतानाच विचारा की भाव कधी पक्का होणार आणि तो मला आधी फोनवर सांगणार का. जमत असेल तर सरळ बेळगावातल्या, हे काम करणाऱ्या शाखेत जा. येण्याजाण्याचं भाडं निघून वर उरेल. दुपारनंतर जाऊ नका, आणि शुक्रवारी उशिरा तर नकोच. सुट्ट्यांचाही मेळ बघा. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीमुळे मुंबईतलं चलन बाजाराचं काम बंद असतं, पण कर्नाटकातली शाखा उघडी असते. अशा दिवशी बँक सावध भाव लावते. १ नोव्हेंबरला उलटं, आपल्याकडे राज्योत्सवाची सुट्टी आणि मुंबई चालू. युरोपात नाताळाचे २५ आणि २६ डिसेंबर, गुड फ्रायडे आणि ईस्टरचा सोमवार या दिवशी युरोची देवघेव थांबते.

आपल्या भागात पतसंस्था, सोसायट्या आणि अर्बन बँका गल्लोगल्ली आहेत आणि माणसांचा त्यांच्यावर विश्वासही आहे. परदेशी पैसे पाठवणं मात्र रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या अधिकृत बँका आणि काही चलन संस्था यांनाच करता येतं. तुमची ठेव सोसायटीत असेल तर ती आधी तुमच्या स्वतःच्या, अधिकृत बँकेतल्या खात्यात आणा आणि तिथून पाठवा. "आम्हीच पुढे पाठवतो" म्हणणाऱ्याकडे मध्ये आणखी एक हात बसतो, आणि त्या हाताचंही काही असतंच.

वाटेतल्या पंधरा युरोंचं काय करायचं ते आता. फॉर्ममध्ये शुल्क कोण भरणार असा रकाना असतो. त्यात तीन पर्याय: अवर, शेअर्ड आणि बेनिफिशरी. शेअर्ड म्हणजे इकडचं तुम्ही, वाटेतलं मुलीच्या रकमेतून. अवर म्हणजे वाटेतलंही तुम्हीच इथे एकरकमी भरता आणि रक्कम पूर्ण पोचते. बहुतेक कारकून न विचारता शेअर्डवर खूण करतात. घरखर्चाच्या पैशांना शेअर्ड चालेल, तिमाहीला पंधरा युरो गेले तर बिघडत नाही. आधी बँक अवरचे किती घेते ते विचारा आणि जे स्वस्त पडेल ते करा. पण फी भरायची असेल किंवा रक्कम अचूक पोचायला हवी असेल तर अवरच घ्या. मुलीलाही सांगा की तिच्या बँकेचं दरपत्रक बघ; युरोपाबाहेरून आलेल्या पैशांवर काही बँका स्वतःचं शुल्क घेतात, काही घेत नाहीत. खाते बदलून काम होत असेल तर बदलावं.

पैसे युरोतच पाठवा. फॉर्मवर डॉलर लिहिलं गेलं तर इथे रुपयाचे डॉलर होतात आणि तिथे डॉलरचे युरो, दोन्हीकडे भावाचा मार. आणि जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, डीईने सुरू होणारा २२ अक्षरांचा असतो, तो मुलीकडून लिखित मागवून अक्षर अक्षर जुळवा. चुकला की पैसे परत येतात, पण येताना शुल्क कापून आणि पुन्हा रुपयात बदलण्याच्या पडत्या भावाने येतात. नावांचंही तसंच. आपल्याकडे कन्नड उच्चाराप्रमाणे एक स्पेलिंग, मराठीप्रमाणे दुसरं, पासपोर्टवर बेळगावचं जुनं स्पेलिंग आणि आधारवर २०१४ नंतरचं बेळगावी. पत्त्यातला फरक सहसा चालून जातो, पण पॅन आणि बँक खात्यातलं नाव जुळत नसेल तर काम अडतं. हे आधीच दुरुस्त करून घ्या.

मुलीला तुमचं डेबिट कार्ड देऊन "तिथल्या एटीएममधून काढत जा" असं करू नका. कार्डावर चलन बदलाचा ३.५ टक्क्यांपर्यंत आकार, त्यावर जीएसटी, वर एटीएमचं वेगळं. शिवाय दुसऱ्याने आपलं कार्ड वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. काही गैरप्रकार झाला तर बँक हात वर करते.

आता तुमच्या निपाणीच्या भावाकडे येतो. त्यांचा मामला तुमच्याहून वेगळा आणि जास्त जोखमीचा आहे.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम लागू झाली. खाते उघडणारी कंपनी आपली फी धरून जो आकडा सांगेल तो पूर्ण पोचला पाहिजे. वीस युरो कमी पडले तरी रक्कम पूर्ण झाल्याचा दाखला मिळत नाही, उरलेले पाठवायला पुन्हा कमिशन, पुन्हा चार दिवस, आणि तिकडे बेंगळूरची व्हिसाची तारीख जवळ येते. म्हणून इथे अवर, काहीही झालं तरी. आणि दराची घासाघीसही इथेच करायची: ११,९०४ युरोंना भावात एक रुपयाचा फरक म्हणजे ११,९०४ रुपये. एकाने १०३.५० सांगितला आणि दुसऱ्याने १०१, तर तीस हजारांचा फरक झाला. कॉलेजांच्या आसपास परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याची दुकानं आहेत, ती "पैसे पाठवणं आमच्याकडून फुकट" म्हणतात. फुकट म्हणजे कमिशन नाही. भाव विचारा, दुसरीकडचा भाव समोर ठेवा, मगच ठरवा.

दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक सरकारसाठी वसूल करते त्या कराची. परदेशात पैसे पाठवण्याची ही सगळी व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (भारतात राहणाऱ्यांना परदेशी पैसे पाठवू देणारी योजना) येते. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती, आता माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. आपल्यासारख्यांना ती मर्यादा कधी लागत नाही. लागते ती करकपातीची. १ एप्रिल २०२५ पासून एका माणसाने एका आर्थिक वर्षात पाठवलेल्या पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही, मग तुम्ही कितीही बँका वापरा, सगळ्यांची बेरीज धरतात. त्याच्या वरच्या रकमेवर २०२५-२६ चे दर असे होते: स्वतःच्या पैशातून शिक्षण किंवा उपचार असेल तर ५ टक्के, भेट किंवा घरखर्च अशा इतर कारणांसाठी २० टक्के, आणि मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून असेल तर काहीच नाही. अर्थसंकल्पात हे दर हलतात, म्हणून पाठवायच्या वर्षीचा दर बँकेत विचारूनच हिशेब करा.

तुमच्या भावाला पाठवायची रक्कम १०२ च्या दराने १२,१४,२०८ रुपये होते. २०२५-२६ च्या दराने १० लाखांवरच्या २,१४,२०८ वर ५ टक्के म्हणजे १०,७१० रुपये टीसीएस. पण फॉर्ममध्ये कारण चुकीचं लिहिलं गेलं आणि शिक्षणाऐवजी भेट पडली, तर तेच ४२,८४२ होतील. शिक्षणासाठीचा कारण-संकेतांक एस०३०५ आहे. सोबत प्रवेशपत्राची आणि पासपोर्टची प्रत जोडायची. ए२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, इंग्रजीत असतो, समोरचा कर्मचारी कन्नड किंवा हिंदी बोलणारा असेल, घाईत खूण कुठेही पडू शकते. सही करण्याआधी तो एक रकाना शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

हे १०,७१० वाचवायचे दोन सरळ, कायदेशीर मार्ग आहेत. एक, वहिनींच्या नावावर स्वतःची बचत किंवा ठेव असेल तर थोडी रक्कम त्यांच्या खात्यातून, त्यांच्या पॅनवर पाठवायची. दहा लाखांची मर्यादा माणशी आहे, घराची नाही. पैसे खरोखर त्यांचे असावेत, आदल्या दिवशी नवऱ्याच्या खात्यातून वळते केलेले नकोत. दुसरा, रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागायची. त्यासाठी खाते वेळेवर उघडलेलं हवं. ऑक्टोबरच्या सत्राला जाणारी बहुतेक मुलं मे-जूनमध्ये जागी होतात आणि ही संधी हुकते. दोन हप्त्यांमुळे कमिशन दोनदा जातं, तेही मोजा.

निव्वळ टीसीएस टाळण्यासाठी कर्ज काढू नका. व्याज त्याच्या कितीतरी पट होतं. आणि सोसायटीचं कर्ज या सवलतीत बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

टीसीएस कापला गेलाच तर तो गेला असं समजून शेतकरी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. ते शुल्क नव्हे. तो त्यांच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेला आगाऊ कर आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे देणं शून्य, म्हणजे सगळी रक्कम परत मिळण्याजोगी. पण ती आपोआप येत नाही, रिटर्न भरून मागावी लागते. भावाने आजवर रिटर्न भरलं नसलं तरी या वर्षी भरावं. बँकेकडून टीसीएसचं प्रमाणपत्र घ्यावं, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात ती रक्कम दिसते का पाहावं, आणि कारखान्याची उसाची बिलं, तंबाखूच्या पट्ट्या, सातबाऱ्याऐवजी आपल्याकडची आरटीसी हे कागद एका फाईलला लावून ठेवावेत. करसल्लागार थोडी फी घेईल, दहा हजारांपुढे ती परवडते. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हे आजच बघा. नसेल तर कापला जाणारा दर वाढतो.

भाऊ तुमच्या मुलीला मदत करतात तेव्हा एक बारीक पेच आहे. मामा-भाची हे नातं परदेशी पैसे पाठवण्याच्या नियमांत जवळच्या नातेवाइकांच्या व्याख्येत येत नाही. ती यादी कंपनी कायदा २०१३ ची आहे आणि त्यात आईवडील, मुलं, नवरा-बायको, भाऊ-बहीण, सून-जावई एवढेच येतात. त्यामुळे मामाने "नातेवाइकाचा चरितार्थ" असं कारण लिहिलं तर बँक अडवू शकते. भेट म्हणून त्यांना पाठवता येतं, पण मग ते त्यांच्या दहा लाखांतच मोजलं जातं आणि यंदा त्यांना ती जागा मुलासाठी हवी आहे. सोपा मार्ग: भावाने पैसे इथेच तुमच्या खात्यात भरावेत. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर कर नाही. तुम्ही तुमच्या तिमाहीच्या रकमेत ते मिसळून पाठवा, खेपही वाचते.

मुलीच्या स्वतःच्या नावावर इथे काही पैसे असतील, आजोबांनी ठेवलेली ठेव वगैरे, तर तेही विचारात घ्या. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांनी अनिवासी ठरतो. तिचं इथलं बचत खाते एनआरओ (अनिवासींचं इथलं रुपयांचं खाते) करून घ्यायला हवं, आणि त्यातून तिने स्वतःचे पैसे नेले तर ते तुमच्या एलआरएसच्या मर्यादेत धरले जात नाहीत. त्यासाठी इन्कम टॅक्सकडे द्यायचं घोषणापत्र आणि गरज पडली तर सीएचा दाखला लागतो.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक बोलतो. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सर्रास असं चालतं: "माझ्या घरी रुपये पाठवा, मी तुमच्या मुलीला इथे युरो देतो." भाव चांगला, कमिशन नाही, कागद नाही, दोन मिनिटांत काम. हा हवालाच आहे. फेमा १९९९ या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे गुन्ह्याच्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे ते युरो कोणाचे, हे तुम्हाला माहीत नसतं. फसवणुकीतले निघाले तर मुलीचं तिकडचं खाते गोठतं, चौकशी मागे लागते, आणि परक्या देशात एकट्या पोरीने ते निस्तरायचं. अशा वाटेने वाचलेल्या दोन हजारांना काडीची किंमत नाही. ए२ फॉर्म न भरता, पॅन न मागता कोणी परदेशी पैसे पाठवून देतो म्हणाला की तिथून उठा. ॲपवरून पाठवणार असाल तरी मागे कुठली अधिकृत बँक आहे ते आधी बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. मुलं अमेरिकेत असतील तर एफएक्स-रिटेल ही सोय समजून घ्या. ऑगस्ट २०१९ पासून सुरू झालेल्या या मंचावर सामान्य ग्राहकाला आपल्या बँकेमार्फत नोंदणी करून डॉलर बाजारभावाजवळ घेता येतो, दिवसाला ५०,००० डॉलरपर्यंत मंचाचं शुल्क नाही आणि बँकेला आपला आकार वेगळा सांगावा लागतो. शाखेत हे नाव अनेकांनी ऐकलेलं नसतं, तरी आग्रह धरा. सिंगापूरला असतील तर २१ फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय आणि तिथलं पेनाऊ जोडलेलं आहे. त्यात सामील बँकांतून दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत फोनवरून जातात. आणि आपल्या सोसायटीतला नेपाळचा वॉचमन गावी पैसे पाठवायला कोणाच्या हातून रोकड देत असेल तर त्याला भारत-नेपाळ रेमिटन्स सेवेबद्दल सांगा. एनईएफटीच्या मार्गाने एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत जातात, आणि त्याला हे सांगणारं इथे कोणी नसतं.

शेवटी पैसे अडकले तर काय. पाठवल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्काचा पुरावा. त्यावर यूईटीआर नावाचा लांबलचक क्रमांक असतो. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत थांबलेत आणि कोणी किती कापलं हे तुमची बँक शोधू शकते. मुलीलाही तो क्रमांक पाठवा म्हणजे ती तिच्या बँकेत विचारू शकेल. अवरचे पैसे भरूनही रक्कम कमी पोचली तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. तक्रारीत कमी आलेल्या युरोंचा आकडा, अवरची खूण असलेली फॉर्मची प्रत आणि मुलीच्या खात्याचा उतारा, एवढं जोडा.